एकेचाळिसावा तितर

“डोळं मिटा बाई. मिटलं का? लबाडी न्हाई करायची.”

मी माळाकडे पाठ केली आणि डोळे घट्ट मिटले. तेवीस वर्षांची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी सकाळी साडेसहाला उघड्या माळावर आंधळी कोशिंबीर खेळत होती. मागे झुंबरमामांची पावलं वाळल्या गवतातून सरकली आणि ऐकू येईनाशी झाली. मग डावीकडून तितर बोलला. तीन ठोक्यांचा खणखणीत आवाज, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा चढा. तो थांबतो न थांबतो तोच उजवीकडून दुसऱ्यानं उत्तर दिलं.

“डावीकडचे तुम्ही,” मी म्हणाले.

“हुकलं!” उजवीकडच्या बोरीमागून झुंबरमामा उठून उभे राहिले. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे हसले की सगळा चेहरा उघडा पडायचा. “डावीकडचा खरा हाय. त्यो शिव्या देतुया मला. माझ्या रानातनं नीघ म्हणतुया.”

ही गोष्ट शहाऐंशी सालची. सोलापूरच्या पूर्वेला कोरेवाडी नावाचं गाव आहे, त्याच्या मागचा चार मैलांचा माळ. पुण्याच्या एका संस्थेनं मला तिथं तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. गवतात राहणारे पक्षी मोजायचे आणि अहवाल लिहायचा, एवढंच काम. अहवाल चांगला झाला तर नोकरी कायम होणार होती. घरी लग्नाची घाई चालली होती, त्यामुळे त्या नोकरीवर माझं सगळंच टांगलेलं होतं. मी पुस्तकं वाचून गेले होते. पहिल्या दिवशी मी लावरीला तितर म्हटलं आणि सरपंचांनी माझ्यासोबत वाटाड्या म्हणून दिलेला माणूस खाली बसून हसला.

ते झुंबर काळे. फासेपारधी, वय पन्नाशीचं. बापजाद्यांनी ज्या माळावर फासे लावून तितर धरले, त्याच माळावर ते आता मजुरी घेऊन मला तितर दाखवत होते. गावात त्यांना लहान पोरंसुद्धा ‘ए झुंबऱ्या’ म्हणायची. मी मामा म्हणायचे, तर त्यांना आधी आठवडाभर अवघडल्यासारखं झालं.

“लावरी पायाखालनं उडती, तितर पळतोय,” ते शिकवायचे. “त्येला उडायचा कट्टाळा. अगदीच गळ्याशी आलं तर उडंल, भर्रकन, मग शेपटीचा तांबडा रंग बगून घ्यायचा. गळा पिवळसर, भवती काळी माळ घातल्यागत रेघ. आन् नराच्या पायाला मागं काटा आसतोय.”

“तो हातात आल्याशिवाय कसा दिसणार?”

“मंग हातात घ्यायचा,” ते म्हणायचे आणि माझा चेहरा बघून हसायचे.

रात्री तितर जमिनीवर झोपत नाही, बाभळीवर चढतो. सकाळी मातीत अंघोळ करतो. जोडी सहसा फुटत नाही. ऊन चढलं की गप्प होतो. हे सगळं मी वहीत लिहून घेत होते. पण एक गोष्ट पुस्तकात नव्हती. त्या आवाजाला शब्द होते.

“नीट ऐका. काय म्हणतोय? हितं-मी-हाय. हितं-मी-हाय.”

एकदा सांगितल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. आजही येत नाही.

झुंबरमामा तो आवाज असा काढायचे की खरे तितर भांडायला धावून यायचे. आणि माळावर ते कधीच नाव घेऊन हाक मारायचे नाहीत. त्यांच्यात कुणीच मारत नसे. माळावर माणसाचं नाव मोठ्यानं घेतलं की चकवा ते ऐकून ठेवतो आणि पुढे त्याच नावानं बोलावून माणसाला भलतीकडे नेतो, अशी समजूत. म्हणून बापानं लेकाला, नवऱ्यानं बायकोला तितराच्या आवाजात बोलवायचं. पहिल्याच दिवशी मी “मामाऽऽ” म्हणून ओरडले तर ते धावत आले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“शिवाय माणसाची हाक वढ्यापल्याड जात न्हाई बाई. तितराची दोन शिवारं वलांडती. कशाला घसा फाडायचा?”

म्हणून तो डोळे मिटायचा खेळ. मला ओळखता यायला हवं होतं, नाहीतर मी त्यांनाच तितर म्हणून मोजलं असतं. दोन महिने मी रोज हरले. शेवटच्या पंधरवड्यात मात्र मी त्यांना लागोपाठ तीनदा पकडलं. कसं पकडलं ते पुढे सांगते. तिसऱ्यांदा त्यांनी डोक्यावरचा पटका काढून माझ्या पायांशी ठेवला. “चाळीस वर्सं झाली, कुनाच्या बाला कळलं न्हाई. तितरालाबी न्हाई,” म्हणाले. मला इतका आनंद तर एम.एस्सी.च्या निकालाचाही झाला नव्हता.

एप्रिलमध्ये शेवटची मोजणी होती. माळावर बारा दगडांना चुना लावून आम्ही जागा ठरवल्या होत्या. एकेका दगडापाशी वीस मिनिटं उभं राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल तो पक्षी वेळेसकट लिहायचा, आणि काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. तीन सकाळी मिळून बारा दगड. तिसऱ्या दिवशी शेवटचे चार उरले होते.

त्या सकाळी गावाबाहेरचं काट्याचं कुंपण ओलांडताना मामांनी त्यांची पिशवी माझ्या हातात दिली. तोंड उघडंच होतं. आत भाकरीचं फडकं, त्याच्याखाली काळ्या केसांचं वेटोळं. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेले फासे, बारीक खुंट्यांना बांधलेले. मी ते बाहेर काढले.

“हे काय आहे?”

ते कुंपणाच्या पलीकडे उभे होते. “सवय हाय बाई. पिशवीत नसलं तर हात मोकळं वाटत्यात.”

“उद्या जंगलखात्याचा माणूस आला तर? माझा अहवाल, माझी नोकरी? मोजणीवाल्या बाईचाच माणूस फासे लावतो म्हणतील!”

“एकच पायजे हुता. घरी पोरगी…”

मी ऐकून घेतलं नाही. मी मुळातच तापट, त्यात तीन दिवसांची अर्धी झोप. “तुला तीन महिने मामा म्हटलं मी,” मी म्हणाले. “पण पारधी तो पारधीच.”

त्यांना मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. ते कुंपणाजवळ परत आले. माझ्या हातातून पिशवी घेतली, फासे परत आत ठेवले, वर भाकरीचं फडकं नीट पसरलं आणि पुढे चालू लागले. तीन दगड होईपर्यंत आम्ही एका शब्दानं बोललो नाही. ते नेहमीसारखे बोटानं दिशा दाखवत होते, मी लिहीत होते. अकराव्या दगडावर चाळिसावा तितर मिळाला.

“म्या वढ्याकडनं जातो,” ते म्हणाले. “तुमचं झालं की लिंबाखाली या.”

बाराव्या दगडापाशी मी एकटी उभी राहिले. दहा वाजून गेले होते. पक्षी गप्प झाले होते, पायाखालची खडी तापायला लागली होती. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त राग होता. माझ्या बोलण्याची मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचाही राग मी त्यांच्यावरच काढत होते.

दहा वाजून वीस मिनिटांनी ओढ्याच्या बाजूनं आवाज आला. हितं-मी-हाय, हितं-मी-हाय. मग शांत. थोड्या वेळानं पुन्हा. दर वेळी त्याच जागेवरून. कुणी उत्तर दिलं नाही. वीस मिनिटं संपेपर्यंत तो सात वेळा बोलला. मी दगड सोडला नाही. वहीत लिहिलं: ‘१०.२०, ओढा, तितर, नर, एक, फक्त आवाज.’

मग वही मिटली, लिंबाकडे न जाता मधल्या वाटेनं गावात आले, खोलीवर चहा केला आणि प्यायले.

एक वाजता एक धनगरीण आरडत गावात शिरली. तिच्या मेंढ्या ओढ्यात उतरल्या होत्या. करवंदीच्या जाळीशी झुंबर काळे बसलेला होता, जाळीच्या बुंध्याशी दोन फासे लावलेले आणि तिसरा त्याच्या मुठीत. लावायला म्हणून हात आत घातला तिथं घोणस होती.

लोक ट्रॅक्टर घेऊन गेले. मी ट्रॉलीत बसले. मामांचा हात खांद्यापर्यंत सुजून चकचकत होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. साप चावल्यावर पळू नये, विष चढतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून ते पळाले नव्हते. पटक्यानं दंड आवळला होता आणि सावलीत पाठ टेकून बसून राहिले होते. सोलापूर येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता चावला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिकलेली, मी त्यांच्यासोबत गेलेली.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले. वही माझ्या पिशवीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. मामा शुद्धीवर होते. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. मी खाटेच्या कडेला उभी राहिले. माफी मागायचं ठरवून आले होते, शब्द जुळवले होते. सगळं सांगायचं, असंही ठरवलं होतं.

“बाई,” त्यांनीच सुरुवात केली. “लई येळ बोललो म्या काल.”

“हो.”

“दमलो बोलून. घसा सुकला.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुमाला तितर वाटला आसंल.”

ही माझी वेळ होती. माझ्या तोंडून शब्द आला तो एवढाच.

“हो मामा. मला तितरच वाटला.”

त्यांनी मान हलवली. मग ते हसले, दात पडलेलं, सुजलेलं हसू. “मंग बरं. म्हंजी आवाज आजून पक्का हाय म्हनायचा.”

मी त्यांच्या पायावर हात ठेवला आणि बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात त्यांची बायको रूपाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी त्यांची मुलगी, मांडीवर आठ दिवसांचं बाळ. पोरीला तितराचा रसा द्यायचा म्हणून एकच पाहिजे होता, हे मला तिथं कळलं. त्यांच्यात बाळंतिणीला पहिल्या दहा दिवसांत तो द्यावाच लागतो.

“बसा बाई,” रूपाबाईनं पदरानं फरशी पुसली. मी बसले. तिनं शेजारच्या बाळावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, “सकाळी म्या त्येंला लई बोलले. म्हनलं, एवढा येळ एका जाग्याला बसून ऱ्हायला, तर माणसागत वरडायचं न्हाई व्हय? नाव घ्यायचं, बोंबलायचं. चकव्यानं काय एवढं नेलं आसतं?”

“मग?”

“त्ये म्हनलं, कशाला वरडू? बाई जवळच हुत्या. बाईला माझा आवाज कळतोय. येत्यालच म्हणून बसलो.” तिनं माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, ती खरोखरच कोड्यात पडली होती. “घरी येऊन रोज त्येच सांगायचं. बाईनं माझी चूक धरली म्हणून. खरा तितर बोलायच्या आधी हळूच टक्-टक् करतो म्हनं, जिभेनं. माझं दात न्हाईत, मला त्ये जमत न्हाई. दोन पिढ्यांत कुनाला कळलं न्हाई त्ये पोरीनं धरलं. जेवताना हसायचं, सांगायचं, परत हसायचं.” मग तिनं विचारलं, “आन् काल तुमाला तितरच वाटला?”

“हो,” मी म्हणाले.

“आसंल,” ती म्हणाली. “वारं आसंल.”

काल वारं नव्हतं.

आता सांगते. बाराव्या दगडावर पहिला आवाज आला तेव्हा सवयीनं माझे डोळे मिटले गेले. मी कान दिला. टक्-टक् आलं नाही. दुसऱ्यांदा आलं नाही, तिसऱ्यांदा आलं नाही. सातही वेळा आलं नाही. शिवाय ऊन चढलं होतं, त्या वेळेला तितर बोलत नाही. शिवाय आवाज एकाच जागेवरून येत होता आणि माळावरच्या एकाही तितराला त्याचं उत्तर द्यावंसं वाटलं नव्हतं. ज्याला काहीच येत नाही त्यालाही कळलं असतं. मी पहिल्या हाकेलाच ओळखलं, की हे मामा आहेत.

आणि मला वाटलं, फासे लावून बसलाय आणि तितरांना बोलावतोय. माझ्या नाकावर टिच्चून. बोलव म्हटलं. घसा कोरडा होईपर्यंत बोलव, मी बघायलाही येणार नाही. चौथ्या-पाचव्या हाकेला आवाज जरा चिरका झाला होता, तोही मी ऐकला. एकदा पाय उचललाही होता. मग घड्याळ बघितलं आणि म्हटलं, वीस मिनिटं जागा सोडायची नाही असा नियम आहे. त्या दिवशी मला नियम आठवला. वहीत ‘तितर’ लिहिलं ते चुकून लिहिलं नाही. विचारलंच कुणी, तर मला काही माहीत नव्हतं असं दाखवता यावं म्हणून लिहिलं. ते दाखवायची वेळ इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

माझा संशय खरा होता, हेही सांगायला हवं. ते फासे लावतच होते. इतकी वर्षं मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगून बघितलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

झुंबरमामांना सगळं ठाऊक होतं. मला त्यांचा आवाज ओळखता येतो, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त पक्कं माहीत होतं. त्या भरवशावरच तर ते हातपाय न हलवता बसून राहिले होते. तरी खाटेवरून त्यांनी माझ्यापुढे एक सुटका ठेवली, आणि मी ती भिकाऱ्यासारखी उचलली. आत परत जाऊन सांगायला दहा पावलं होती. मी व्हरांड्यात बसून राहिले. संध्याकाळी त्यांची लघवी बंद झाली, मग पुन्हा कुणाला आत सोडलं नाही. सहाव्या दिवशी ते गेले.

नोकरी कायम झाली. लग्न झालं नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. पुढे मी अठ्ठावीस वर्षं शेकडो मुलांना पक्षी ओळखायला शिकवले. रंग, चाल, शेपूट, पाऊल, सगळं शिकवलं. तितराच्या आवाजाची पाळी आली की मी पुढचं पान उलटायचे. मुलांना वाटायचं, बाईंना तो आवाज काढता येत नाही.

आता राहते ती वसाहत शहराच्या टोकाला आहे. कुंपणापलीकडे पडीक रान आहे आणि सकाळी तिथं तितर बोलतात. मी जागी असते. पहिला आवाज यायच्या आधी मी श्वास रोखून धरते आणि टक्-टक् ऐकू येईपर्यंत सोडत नाही. बहुतेक दिवशी ते ऐकू येतं. अंतर जास्त असलं, की कधी येत नाही. मग मी चपला घालून कुंपणापर्यंत जाते, पहाऱ्याचा माणूस विचारतो, “काय झालं बाई?” मी म्हणते, “काही नाही, कुणीतरी बोलावलं असं वाटलं.”

त्या मोजणीचा अहवाल छापून आला होता. त्याची एक प्रत माझ्या कपाटात आहे. नंतर त्या माळावर काम करणाऱ्या प्रत्येकानं त्यातले आकडे आधाराला घेतले; मोजणी फार काळजीपूर्वक केली आहे, असंही कुणीतरी लिहिलं. सतराव्या पानावर कोरेवाडीच्या माळाचा तक्ता आहे. तितर, एकेचाळीस.

चाळीस होते.